पहिली प्रत

लिलावघराच्या तपासनीस बाईंनी टेबलावर एकाच चित्राच्या दोन प्रती शेजारी शेजारी ठेवल्या. भडक पिवळ्यावर गुलाबी टेलिफोन. पन्नासच प्रती छापलेल्या, प्रत्येकीखाली पेन्सिलीने चित्रकाराची सही. "एकोणपन्नास सह्या एकमेकींशी तंतोतंत जुळतात," त्या म्हणाल्या. "ही एकच तेवढी वेगळी."

ती प्रत विकायला आणली होती म्हाताऱ्या छपाईवाल्याने. जाळीच्या स्क्रीनवरून एकेक रंग ओढत सगळ्या प्रती त्यानेच छापलेल्या, आणि पहिली प्रत छापणाऱ्याची, असा त्या दोघांचा रिवाज. "माझ्यासमोर केली होतीस ना रे सही?" तो समोर बसलेल्या चित्रकाराला म्हणाला. "रंगसुद्धा वाळला नव्हता."

चित्रकाराच्या शेजारी त्याची बायको पर्सची चेन उघडमीट करत होती. हो म्हणावं, तर उरलेल्या एकोणपन्नासांचं काय?

"ही सही माझी नाही," तो म्हणाला.

रंगाने कायमची निळी पडलेली नखं म्हाताऱ्याने मुठीत मिटून घेतली.

"ठीक आहे. मग मागच्या बाजूला 'बनावट' असं लिहा आणि खाली सही करा." बाईंनी प्रत पालथी करून पेन्सिल पुढे सरकवली.

चित्रकार जागचा हलला नाही. इतक्या वर्षांच्या सवयीने पेन्सिल बायकोने उचलली, आणि टोक कागदाला टेकल्यावर तिच्या लक्षात आलं, की सगळे तिच्या हाताकडे बघताहेत.