फुटकी अक्षरं

“सर, सेटिंग बदलली तरी अक्षरं तशीच काऊन राह्यतात? का तुम्हालेच येत नाही?”

दुसरं वाक्य नाजिशला मैत्रिणींनी पैज लावून म्हणायला लावलं होतं. कॉम्प्युटरचा वर्ग खिदळला. सर मात्र चिडले नाहीत. “मशीन बंद करून पुन्हा चालू केल्याबिगर ती सेटिंग लागत नाही,” ते म्हणाले.

नाजिशनं कपाळावर हात मारला. बंद! अब्बांच्या टायपिंगच्या दुकानातलं मशीन आणि बंद! एकदा बंद केलं ते उठलंच नाही, चिखलीहून थेट बुलढाण्याला न्यावं लागलं. तेव्हापासून अब्बा रात्री फक्त स्क्रीन मालवत आणि वर अम्मीची जुनी ओढणी टाकत. आठवडाभर नाजिश फॉन्टच्या सेटिंगशी भांडत होती. बदल, ओके. बदल, ओके. अक्षरं आपली तशीच, कडेनं कुरतडलेली.

त्या वर्षी बोंडअळीनं बीटी कपाशीचीही बोंडं सोडली नव्हती. नुकसानभरपाईचे अर्ज टाइप करायला गावोगावचे लोक दुकानात येत, आणि अब्बांच्या चुका वाढत चालल्या होत्या. उंद्रीच्या नारायणरावांचा गट नंबर चुकला आणि अर्जच परत आला. असं आणखी दोघा-तिघांचं झालं असतं, तर दुकानाची पायरी कोण चढणार होतं?

“मी काय करू? मशीनचीच अक्षरं फुटून राह्यली,” अब्बा करवादत.

त्याच दुपारी अब्बा नमाजला गेले आणि शाळेतून आलेल्या नाजिशनं मशीन बंद केलं.

“अगं बाई! तुझे अब्बा जीव घेतीन!” कागद कापता कापता अम्मी ओरडली.

“घेऊ दे!”

काळा स्क्रीन. अम्मीचे ओठ पुटपुटू लागले. मग पंखा घरघरला, आणि अक्षरं उमटली. लग्नपत्रिकेसारखी, साफ, गोलमटोल!

अब्बा आले. मागोमाग परत आलेला अर्ज घेऊन नारायणरावही आले. त्यांनी दुकानात ठेवलेल्या सातबाऱ्यावरून नाजिशनं नवा अर्ज टाइप करूनच ठेवला होता. “बघा अब्बा! आता काढा मशीनची खोड!”

अब्बांनी नाक पार स्क्रीनला टेकवलं. बराच वेळ पाहिलं.

“कुठं काय बदललं, बेटा? तशीच तर फुटून राह्यली.”

नाजिश मशीनवर खेकसणारच होती. तेवढ्यात अब्बांच्या खुर्चीमागं उभ्या म्हाताऱ्या नारायणरावांनी, चष्मा न लावता, आपला गट नंबर घडाघडा वाचला. “हाव, बराबर हाय आता!”

अम्मीच्या हातातली कात्री थांबली. अब्बा कुणाकडेच बघेनात.

नाजिशनं त्यांच्या हाताखालून कीबोर्ड ओढून घेतला.

“अब्बा, उठा. अम्मी, उद्यासाठी बुरखा बाहेर काढून ठेव. उद्या शाळा नाही, दुकान नाही. आपण अब्बाले डोळ्याच्या डॉक्टरकडं नेऊन राह्यलो.”