डब्याची वेळ

“परत विसरला,” साहेब संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले. “बाई, असंच चाललं तर शुक्रवारी प्रयोगशाळेला कुलूप. तुमची वीस वर्षं गेली म्हणून मला कळवळा आहे, वरच्यांना नाही.”

बाईंचा क्वांटम संगणक भलताच नाजूक. गोठवणाऱ्या थंडीत पेटीबंद ठेवलेला, तरी अवकाशातून आलेला एखादा किरण आरपार गेला की चालू गणित विसरायचा. म्हणून शेजारी किरण टिपणारं यंत्र बसवलं होतं. पण या आठवड्यात आभाळाने डूख धरल्यासारखे किरण येत होते. तेही नेमके दुपारी.

“आभाळालाही तेव्हाच भूक लागत असेल,” डबा घेऊन आलेला बाईंचा नवरा दाराबाहेरच्या बाकावरून म्हणाला. आजही त्याने डबा हातात दिला नाही. स्टुलावर ठेवला आणि मागे सरकला.

“अहो, आत या की.”

“नको गं. माझी सर्दी लागेल तुला. आणि मला बघून साहेब आणखी चिडायचे.”

गळ्याला मफलर, डोळे खोल गेलेले. भावाकडे राहून आल्यापासून हे असंच. झोपणं बाहेरच्या खोलीत, ताटवाटी वेगळी. काल त्याच दिराचा फोन आला होता, “वहिनी, दादा आम्हाला विसरला वाटतं! वर्षभर फिरकला नाही.” बाईंनी ते थट्टेवारी नेलं. डोक्यात आभाळ होतं.

गुरुवारी त्यांनी दुसरं यंत्र छतावर चढवलं. दुपार झाली. खालचं यंत्र ओरडू लागलं. छतावरचं शांत.

बाईंच्या अंगावर काटा आला. म्हणजे ते आभाळातून येत नव्हतंच. ते इमारतीत होतं.

हातातला किरणमोजक घेऊन त्या भिंतींवरून, फरशीवरून फिरल्या. टिक... टिक... दारापाशी टिकटिक वाढली. दार उघडलं तशी आणखी.

“सापडलं का गं आभाळ?” बाकावरून नवऱ्याने विचारलं.

बाई स्टुलावरच्या डब्यापाशी थांबल्या. मग बाकाकडे एक पाऊल टाकलं. टिकटिक उरलीच नाही. तिची एकसलग किंकाळी झाली.

नवऱ्याने मफलर सावरला.

“डॉक्टर म्हणाले होते, गाठ जाळणारं किरणांचं औषध अंगात आहे तोवर बायकोपासून लांब राहा,” तो म्हणाला. “तिच्या यंत्रापासून लांब राहा, असं कुणी म्हणालं नाही गं.”