उचललेली ओळ

दादाने फेकलेला लाकडी डस्टर धाकट्याच्या भुवईवर बसला. धाकटा तरी उभाच राहिला, म्हणून दादाने खुर्ची उचलली.

"चारचौघांत माझं हसं करतोस?"

खुर्ची फळ्याशेजारच्या भिंतीवर आदळली आणि तिचा पाय निखळला. दार दादाने आतून लावून घेतलं होतं. बाहेर सभेतून निघालेली मंडळी चहाचे कप घेऊन उभी होती. आतलं सगळं त्यांना ऐकू येत होतं, पण दार कुणी वाजवलं नाही. एवढी शिकलेली माणसं दुसऱ्याच्या भांडणात पडण्याइतकी अडाणी थोडीच असतात.

दोघे सख्खे भाऊ. एकाच संस्थेत, एकाच कामाला लागलेले. सलग दिसणारं कापड भिंगाखाली धरलं की धागा धागा सुटा दिसतो. तशीच ही रिकामी जागा आणि हा वाहता काळ मिळून काहीतरी विणलेलंच आहे, त्याचा सगळ्यात बारीक टाका केवढा ते काढता येईल, असं दोघेही म्हणत. म्हणणं एक, हिशेब मात्र ज्याचा त्याचा. आज भर सभेत दादाने सांगून टाकलं, टाका सापडला. नवऱ्याचं कौतुक बघायला वहिनी मुद्दाम आली होती, पहिल्या रांगेत बसली होती.

मागच्या रांगेतून धाकटा उठला. म्हणाला, "दादा, तुझ्या हिशेबाने हातातलं पेन सोडलं तर ते वर जाऊन छताला चिकटेल."

सभा हसली. वहिनीही हसली. सभेचं हसणं दादाने गिळलं असतं.

आता त्याने धाकट्याची मानगूट धरून त्याला फळ्यापुढे उभं केलं. "कुठे चुकलं ते लिही. माझ्यासमोर लिही."

भुवईचं रक्त डोळ्यात उतरत होतं. धाकट्याने तो डोळा मिटला आणि दुसऱ्या डोळ्याने लिहायला घेतलं. दादाने सभेत मांडलेली हिशेबाची ओळ त्याने आधी लिहिली, फक्त तिच्यातलं अधिक-वजाचं चिन्ह बदललं. मग न थांबता तिच्याखालची लिहिली. ती अजून कागदावर कुठेच नव्हती. ती त्याच्या डोक्यात होती, आणि टाका तिच्यातच होता.

दादाने ती वाचलीच नाही. त्याची नजर वरच्या चिन्हावर अडकली होती.

असले हिशेब करणाऱ्यांची एक रीत आहे. जागा आणि काळ एका हिशेबात घेताना एकाला अधिक लावायचं, दुसऱ्याला वजा. कुणाला काय, ते ज्याने त्याने ठरवावं. दादा काळाला वजा लावायचा, धाकटा जागेला. दोन्ही बरोबर. फक्त दोन्हींची खिचडी करायची नाही. म्हणून दुसऱ्याची ओळ घेताना आधी विचारतात, बाबा रे, तुझ्याकडे वजा कुणाला? दादाने विचारलं नव्हतं. विचारणार कसं, ओळच धाकट्याची, न विचारता उचललेली.

"तू मुद्दाम केलंस," दादा म्हणाला. "टेबलावर उघडी टाकून गेलास, मी घ्यावी म्हणून. वजा कुणाला ते कुठे लिहिलं होतंस?"

"माझ्या ताटावर मी पाटी लावून जेवू, की हे माझं आहे?" धाकट्याने ओठावरचं रक्त चाटलं. "सभेत मी चूक दाखवली, दादा. ओळ कुणाची ते बोललो नव्हतो. ते आत्ता तूच बोललास."

दाराबाहेरची कुजबुज थांबली.

दादाने तोंडावर बुक्की मारली. मग गळा धरला आणि धाकट्याला फळ्यावर आपटलं, पुन्हा आपटलं, पाठ फळ्याला घासत खाली आणलं. धाकट्याने गुडघा त्याच्या पोटात घातला. दादा कळवळला, पण हात सुटला नाही. त्याने धाकट्याची खडू धरायची बोटं मुठीत घेतली आणि मागे वाकवली. कडकन आवाज झाला. धाकटा पांढरा पडला.

"दार उघडा," बाहेरून वहिनी म्हणाली. "नाहीतर मी फोडते."

तिचा आवाज ऐकून दादाची पकड सुटली. कडी धाकट्याने डाव्या हाताने काढली आणि तो बाहेर आला. लोकांनी वाट दिली. वाट द्यायला सगळे तयार असतात.

दादा फळ्याकडे वळला. फळ्यावर नुसती धूळ होती. दोन्ही ओळी पुसल्या गेल्या होत्या. पुसल्या कसल्या, धाकट्याच्या काळ्या शर्टावर उमटल्या होत्या, खांद्यापासून कमरेपर्यंत, उलट्या.

"थांब," दादा मागून धावत आला. "हलू नकोस. तसाच उभा राहा."

लोकांना वाटलं, आता आणखी मारतोय. त्यांच्यातले दोन-तीन जण मध्ये पडायला पुढेही झाले. पण दादा हात उगारत नव्हता. तो धाकट्याच्या पाठीवरची खालची ओळ बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते.

वहिनीने नवऱ्याच्या ओठांकडे पाहिलं. मग दिराच्या पाठीकडे पाहिलं. ती मध्ये आली, आणि दिराच्या पाठीवरून तिने खसाखसा हात ओढला, वरून खाली, पुन्हा वरून खाली, भांडं घासावं तसा. धाकटा मुकाट उभा राहिला.

"भाऊजींना डॉक्टरकडे न्यायचंय," ती म्हणाली. "गाडीची किल्ली द्या."

दादाने किल्ली काढली. ती देतानाही तो तिच्या पांढऱ्या झालेल्या तळहाताकडेच बघत होता. वहिनीने किल्लीसाठी दुसरा हात पुढे केला आणि पांढरा तळहात मिटून घेतला.