क्रेनवाल्याचं पाणी

"हा सहावा पेला. प्यायल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही," ताई म्हणाली.

"ताई, माझ्या पोटात आता होड्या सोडता येतील."

"सोडू. आधी पी."

क्रेनवाल्याने डोळे मिटून पेला रिकामा केला. तीन महिने हेच चाललं होतं. आज दवाखान्यात शेवटचे रिपोर्ट मिळणार होते, आणि एरवी चौदा मजल्यांच्या उंचीवर बसून शीळ घालणारा हा गडी सकाळपासून घरात येरझाऱ्या घालत होता.

ताई मोठी, त्यामुळे घरात तिचाच शब्द चाले. स्वतःसाठी मात्र तिने वाटीभरच पाणी काढून ठेवलं होतं आणि तेही घोट घोट पुरवून पीत होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं तो तिला चिडवायचा. ती नुसती हसायची.

चूक क्रेनवाल्यांच्या रीतीची होती. पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं, आणि त्यासाठी दोनशे पायऱ्यांची शिडी उतरायची, पुन्हा चढायची. म्हणून वर कुणी पाणी नेतच नसे. याने त्यावर शक्कल काढली, एनर्जी ड्रिंकची. एवढासा डबा, पण डोळे टक्क उघडे आणि अंगात तरतरी. एकाचे दोन झाले, दोनाचे पाच.

मग एक दिवस, काही दुखत-खुपत नसताना, तो आपणहून तपासणीला गेला. रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. लघवीतून प्रथिनं जात होती, क्रिएटिनिन वाढलेलं.

"किडन्यांना पाणी नाही, वरून पाच-पाच डब्यांचा मारा! वेळेत आलात म्हणून निभावलं. डबे बंद, पाणी सुरू. तीन महिन्यांनी बघू."

ताईला कळलं तेव्हा ती ओरडली नाही. कपाटामागे लपवलेले नऊ डबे तिने मोरीत ओतले आणि मग तिथेच बसून रडली. ते मात्र त्याला सहन झालं नाही.

पहिले आठ दिवस त्याचं डोकं ठणकत होतं, जांभयांवर जांभया येत होत्या. दिवसातून चारदा शिडी उतरायचा, मुकादमाची बोलणी खायचा, पण डब्याला शिवला नाही. हा एवढा शहाणा कधीपासून झाला, याचं मुकादमालाही नवल वाटलं.

दवाखान्यात दोघांना पाहून नर्स लगबगीने उठली. "या ताई, बसा," म्हणत तिने एकमेव रिकामी खुर्ची ताईला दिली. क्रेनवाला भिंतीला टेकून उभा राहिला. ताईची ओळख कुठे नसते!

डॉक्टरांनी आत बोलावलं. कागद चाळले, पुन्हा पहिल्यापासून चाळले. ताईने भावाचं मनगट घट्ट धरलं.

"सगळ्या तपासण्या उत्तम," ते म्हणाले. "दोन्ही किडन्या ठणठणीत. जिंकलात तुम्ही."

ताईचे डोळे भरून आले. क्रेनवाल्याला आनंद मावेना. तो टेबलाशी सरकला.

"तर मग डॉक्टर, यातली ताईला कुठली बसवताय? डावी का उजवी?"