बिज्जूंची वंशावळ

छप्पन सालच्या जानेवारीत, मुंबईत गोळीबार झाला त्या आठवड्यात, डिलाईल रोडच्या चाळीत भर दुपारी फौजदार आला. मोर्चाला गेलेला गणपत तीन दिवस घरी परतला नव्हता. तो कुठेतरी लपून बसलाय, अशी त्याच्या आईची आणि बहिणीची खात्री होती.

“विचारलं तर गावी गेलाय म्हण,” त्याची आई रमाबाई लेकीच्या, मालनच्या, कानात पुटपुटल्या.

पण फौजदाराने गणपतचं नावच काढलं नाही. तो भिंतीवरच्या मोठ्या कागदापुढे थांबला. “ही नावं कुणाची?”

मालन एम.एस्सी. करत होती, कागद तिच्या प्रबंधाचा होता. याला तो चळवळीतल्या माणसांचा तक्ता वाटतोय, हे ओळखून ती घाईने पुढे झाली.

“बिज्जूंची, साहेब. बिळं उकरणारा प्राणी. दगडात सापडलेल्या दातांवरून कोण कुणापासून झाला, ते मी लावतेय.”

“मग ही चौकट रिकामी का?”

“तो सगळ्यांचा मूळ पूर्वज. अजून सापडला नाही.”

“किती जुना असेल?”

“कोटभर वर्षं तरी.”

तो विचारतच राहिला. दात कसे मोजतात, जात कशी ठरवतात. मालन भीत भीत सगळं सांगत गेली. दाराशी हवालदार मान खाली घालून उभा होता. शेवटी प्रश्न संपले, तेव्हा फौजदाराने डोक्यावरची टोपी काढली.

 

“ताई, गणपतची ओळख पटवायला घरचं कुणीतरी लागेल,” तो म्हणाला. “आईंना नको. इस्पितळात तुम्हीच चला.”