पप्पांचा नंबर

"ओटीपी तुझ्या पप्पांच्या फोनवर गेला," निकेत म्हणाला. "पाचला साइट बंद होते. लाव त्यांना फोन."

अलिबागच्या बाजारातल्या त्याच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये प्राप्ती शेजारच्या खुर्चीवर बसली होती. एम.एस्सी.च्या यादीत तिचं नाव लागलं होतं. ओटीपी घालून जागा पक्की केली नाही, तर ती प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला जाणार होती. साइट दिवसभर अडकत होती. प्राप्तीचा फोन सकाळी एसटीत पडून बंद झाला होता. अर्जावर नंबर वडिलांचा होता. तो कधी बदलत नाही, म्हणून तिनेच दिलेला.

तिने निकेतच्या फोनवरून नंबर लावला. तिचे वडील, धर्मा, ट्रक चालवतात. पलीकडे इंजिनाची घरघर होती.

"पप्पा, मी प्राप्ती. आता एक ओटीपी आलाय, तो सांगा."

"कोन?"

"प्राप्ती. माझा फोन बिघडलाय. हा निकेतचा नंबर आहे."

"माझी पोरगी फोन करीत न्हाय. मेसेज करते. आनि तिनंच सांगितलंय, ओटीपी कुनाला द्यायचा न्हाय."

"मीच हाय ओ पप्पा!"

"बातम्यांत दाखवलंय. मशीन कुनाचाबी आवाज काढते."

निकेत हळूच म्हणाला, "रड जरा. खरी वाटशील."

तिला रडावं लागलं नाही. आवाज आपोआप कापला.

"रडतेबी मशीन," धर्मा म्हणाला. "बरं. काल राती मी गाडी कुठं लावलेली, सांग."

प्राप्तीने निकेतकडे पाहिलं.

"वडखळला?"

"न्हाय."

"न्हावाशेवा?"

"तिथनं परवाच निघालो."

"दुसरं काहीतरी विचारा ना! आईचं विचारा. शाळेतलं विचारा."

"ते समदं फेसबुकवर असतंय."

"पप्पा, माझी जागा जाईल."

निकेतने घड्याळाकडे बोट दाखवलं. प्राप्तीने "वापी" म्हणून पाहिलं, मग "पनवेल". धर्माने दोन्ही ऐकून घेतलं.

"माझ्या पोरीला इचारायला लागत न्हाय," तो म्हणाला. "जिथं गाडी लावतो तिथनं तिला लोकेशन टाकतो. रोज. ती बघते आनि लगेच अंगठा टाकते."

कालच्या लोकेशनलाही प्राप्तीने अंगठा टाकला होता; ते उघडून मात्र पाहिलं नव्हतं.

पडद्यावरचं पान बदललं. 'प्रवेश निश्चित करण्याची मुदत संपली आहे.' निकेतने माउसवरचा हात काढला.

फोन अजून चालूच होता. पलीकडचं इंजिन बंद झालं. धर्माचा आवाज आता स्वच्छ ऐकू येत होता.

"ऐक बाय. तू कोन हायस, मना म्हाईत न्हाय. आवाज मात्र बरोबर तिचाच काढलास," तो म्हणाला. "लई दिवसांनी ऐकला."