विहिरीची ओटी

बहात्तरच्या दुष्काळात सोसायटीची विहीर सत्तर फूट खणूनही कोरडीच होती. चेअरमनच्या थोरल्या सुनेनं तळाशी उतरून ओटी भरावी, असं गावानं ठरवलं. हिरवं लुगडं नेसताना केसरला सासूचं जात्यावरचं गाणं आठवलं, पाण्यासाठी बळी दिलेल्या सुनेचं. तिनं भीत भीत विचारलं, "आत्याबाई, गाण्यातली सून हाक का मारत न्हाई?" सासूनं तिच्या निऱ्या नीट केल्या. "मारती की. ती ऐकू येऊ नये म्हून तर बायका गात्यात." केसर दगड वर ओढायच्या यारीच्या टोपल्यातून खाली उतरली. तिनं खण-नारळ खडकावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि तळव्यांना गार लागलं. बघता बघता घोटे बुडाले. "पाणी लागलं!" वर गलका उठला. ती वळली, तर रिकामं टोपलं वर चाललं होतं. "आत्याबाई!" केसरनं हाक मारली. वरून सासूचा आवाज आला. ती गात होती.